स्ट्रॉबेरीची मातृरोपे मागवताना

पाचगणीजवळच्या आमच्या शेतासाठी कॅलिफोर्नियातून स्ट्रॉबेरीची मातृरोपे, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपे वाढवतात ती मूळ रोपे, मागवण्याचे मी ठरवले, तेव्हा कागदपत्रांची मला पूर्ण माहिती आहे अशी माझी समजूत होती. ही आयात २००३ च्या पादप संगरोध आदेशानुसार, म्हणजे परदेशी रोपांबरोबर रोग-किडी देशात येऊ नयेत यासाठीच्या नियमांनुसार, होते. परंतु त्याच्या परिशिष्टांत राजपत्रातून वारंवार दुरुस्त्या होतात आणि माझ्या फायलीतील प्रत जुनी होती. तिच्यावरूनच मी निर्यातदाराला अटी कळवल्या. आयात परवाना हाती आला, तेव्हा रोपांत नसावेत अशा विषाणूंची त्यातील यादी वेगळी निघाली.

त्यातच निर्यातदाराकडून आलेल्या फायटोसॅनिटरी (रोपांच्या निरोगीपणाच्या) प्रमाणपत्राच्या मसुद्यात ‘रोपे विषाणूमुक्त आहेत’ एवढेच वाक्य होते. परवान्यात नमूद केलेल्या प्रत्येक विषाणूचा त्या प्रमाणपत्रातील ‘अतिरिक्त घोषणे’त नावानिशी उल्लेख लागतो. हा मला निव्वळ शब्दच्छल वाटला होता. कृषी विद्यापीठातील एका वनस्पतिरोगतज्ज्ञांनी मात्र समजावले, की मावा या रस शोषणाऱ्या किडीमार्फत पसरणारे मॉटल किंवा क्रिंकल यांसारखे विषाणू रोपात एकेकटे असले तर बहुधा लक्षणेच दिसत नाहीत, दोन-तीन एकत्र आले की मग झाड खुरटते. म्हणजे खोके उघडून भिंगाने पाहणाऱ्याला ते सापडणार नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणी हवी, नाहीतर संशयित पान रानटी स्ट्रॉबेरीच्या सूचक रोपावर कलम करून काही आठवडे वाट पाहावी लागते. शिवाय एका मातृरोपापासून अनेक रनर (नवी रोपे देणारे जमिनीवरचे फुटवे) निघतात आणि मूळ रोपातील विषाणू त्या प्रत्येकात उतरतो. खाण्यासाठी येणाऱ्या फळापेक्षा लागवडीच्या रोपाला नियम कडक का, हे मला तेव्हा उमगले.

मसुदा दुरुस्त होऊन येण्यात बारा दिवस गेले.

मुंबईत तपासणी झाल्यावर माती धुऊन काढलेल्या मुळांची ती रोपे आमच्या कीटकरोधक जाळीगृहात विलगीकरणासाठी आली. हे जाळीगृह आधीच तपासून मान्य करून घेतले होते. दुहेरी दार, आतली वेगळी अवजारे, येण्याजाण्याची नोंदवही. यात मला अडचण वाटली नाही. अवघड गेले ते शेजाऱ्याला नकार देणे. “दादा, दोनच रोपं द्या की,” असे तो रोज म्हणायचा, आणि पुढे बोलायचाच बंद झाला. तपासणीत पिवळी पडलेली काही रोपे उपटून जाळावी लागली.

मुक्ततेचे पत्र आले तोवर रनर वाढवण्याचा हंगाम बराच सरला होता. सप्टेंबरची आमची लागवड त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर गेली, आणि शेजाऱ्याला रोपे मिळाली ती त्यानंतरच.