अडथळा किती, यापेक्षा रक्त किती पोहोचते

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘६० टक्के ब्लॉकेज’ असे शब्द दिसले की रुग्ण आणि नातेवाईक त्या आकड्यानेच हबकून जातात. पण त्या अडथळ्यापलीकडच्या हृदयस्नायूला रक्त खरोखर कमी पडते का, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. स्वस्थ बसलेले असताना पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात, त्यामुळे बराच अरुंद झालेला मार्गही विश्रांतीच्या वेळी निभावून नेतो.

स्ट्रेस परफ्यूजन एमआरआय ही तपासणी नेमका याच प्रश्नाचा छडा लावते. यात हृदयावर ताण आणण्यासाठी धावायला लावण्याऐवजी शिरेतून अडेनोसिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देतात, बहुधा दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या वेगाने. निरोगी धमन्यांतला प्रवाह त्यामुळे कैक पटींनी वाढतो. अडथळ्यापलीकडच्या वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असल्याने तिथे तो फारसा वाढत नाही. त्याच वेळी चित्रात रक्त उजळ दाखवणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य झपाट्याने टोचले जाते. पडद्यावर आधी उजवा, मग डावा कप्पा उजळतो, काही ठोक्यांत काळा स्नायूही उजळू लागतो, आणि जिथे रक्त कमी पडते तिथे, विशेषतः स्नायूच्या आतल्या थरात, काळपट पट्टा रेंगाळतो. काही मिनिटांनी पुन्हा घेतलेल्या चित्रांत जुन्या झटक्याचा व्रण पांढरा दिसतो. म्हणजे उपाशी पण जिवंत स्नायू आणि मेलेला स्नायू एकाच तपासणीत वेगळे ओळखता येतात, आणि तेही क्ष-किरणांविना.

औषध चालू असताना छातीत दडपण येते, दम लागल्यासारखे होते. ते थांबवल्यावर हा त्रास लवकर ओसरतो. चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची सूचना मात्र अनेक जण हलक्याने घेतात. कॅफीन अडेनोसिनचा परिणाम अडवते, आणि मग खरा दोष असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. (गंमत म्हणजे औषध नीट लागू पडले की प्लीहा काळवंडते, त्यामुळे जाणकार डॉक्टर हृदयाच्या चित्रात तिच्याकडेही नजर टाकतात.)

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआर-इन्फॉर्म या ९१८ रुग्णांच्या अभ्यासात एका गटाचे उपचार या एमआरआयवरून, तर दुसऱ्याचे अँजिओग्राफी आणि धमनीतील दाबाच्या मोजणीवरून ठरवले गेले. एमआरआय गटात स्टेंट किंवा बायपासची वेळ ३५.७ टक्के रुग्णांवर आली, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांवर. तरीही वर्षभरातल्या गंभीर घटनांचे प्रमाण ३.६ आणि ३.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. प्रकृती स्थिर असलेल्या आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णाला थेट कॅथेटरकडे (धमनीत नळी घालून होणाऱ्या अँजिओग्राफीकडे) नेण्याआधी या तपासणीचा विचार व्हायला हवा, असे मला यावरून ठामपणे वाटते.

तीव्र दमा किंवा काही प्रकारचा हार्ट ब्लॉक (धमनीतला अडथळा नव्हे, तर हृदयातील विद्युत संदेश अडणे) असेल तर अडेनोसिन चालत नाही, आणि मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास गॅडोलिनियमची निवड जपून करावी लागते. झटका येत असतानाच्या तातडीच्या प्रसंगी मात्र या तपासणीचा उपयोग नाही. तिथे थेट अँजिओग्राफीच करावी लागते.