कुडाळचं लग्न आणि जोडून किनारा

कुडाळजवळच्या एका वाडीत चुलत दिराच्या मुलाचं लग्न होतं, ऐन वैशाखात. ठाण्याहून एवढं लांब जायचंच आहे तर मालवण-वेंगुर्ला करून येऊ, असं घरात ठरलं. तुमच्याही मनात असं काही असेल तर पहिली गोष्ट, फिरणं लग्नानंतर ठेवा. यजमानाचं घर मांडवाच्या धावपळीत आणि पाहुणे समुद्रावर, हे कोणी तोंडावर बोलत नाही, पण लक्षात राहतं.

तिकिटांसाठी पत्रिकेची वाट बघू नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गर्दीत बघता बघता संपतं. मुहूर्त निघाला की दिवस मोजायला घ्या. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं काढायचं. परतीचं तिकीट कुडाळऐवजी सावंतवाडीहून काढा. किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरलात की तेच स्टेशन सोयीचं पडतं.

लग्न रविवारी होतं, हे आमच्या पथ्यावर पडलं. शनिवार-रविवारी तारकर्ली तुडुंब असते, सोमवारपासून खोल्या मिळतात. "वैनी, इलास तर दोन दिस रवा मगे," असा आग्रह होणारच. म्हणून मुक्काम हलवणार असल्याचं हळदीच्या आधीच सांगून टाकावं, ऐन निघताना नको. आणि दागिने, शालू, पैठण्या यांचं ओझं घेऊन किनाऱ्यावर फिरू नका. थेट घरी परतणारं कोणी ना कोणी जवळचं असतंच, त्यांच्याबरोबर ती बॅग रवाना करा. हे केलं नसतं तर अर्धा जीव लॉजच्या कपाटात अडकला असता.

कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी लवकर गाठा. दुपारकडे वारा वाढतो, होडी हलते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढउतार जड जाते. सासूबाईंना आम्ही सकाळच्या शांत पाण्यात नेलं, काही त्रास झाला नाही. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं काम सुरू केलं. चुन्यात उमटलेले त्यांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळं सावकाश बघण्यासारखं आहे. उन्हात फरशी भाजते, तेव्हा देवळात शिरताना मोजे जवळ असू द्या. लग्न मेअखेरचं असेल तर मात्र किल्ला धरून चालू नका. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होड्या बंद होतात, त्या थेट पावसाळ्यानंतर सुरू होतात.

मांडवात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार हाणल्यावर जीभ माशांकडे ओढ घेतेच. थाळी मागवण्याआधी सुरमई-पापलेटचा त्या दिवसाचा भाव विचारा. बांगड्याची थाळी स्वस्त आणि माझ्या मते जास्त चवदार. सोबतच्या ज्येष्ठांचा सोमवार किंवा संकष्टी आहे का, तेही आधीच बघून घ्या.

वेंगुर्ल्याकडचा भाग आम्ही नवरा-नवरीच्या देवदर्शनाला जोडला, आणि मला हाच सगळ्यात आवडला. आरवलीच्या वेतोबाला ती दोघं जाणारच होती, त्यांच्या गाडीमागे आमची गाडी. वेतोबा रात्री गावभर फिरून राखण करतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. केळ्यांचे घडही वाहतात. तिथून शिरोडं अगदी जवळ. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं हे गाव, मिठागरं आणि सुरूच्या बनामागचा लांबलचक किनारा. पुढे रेडीला १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली गणपतीची मूर्ती आहे. वेंगुर्ल्यातली डचांची पडकी वखार वाटेत वेळ उरला तरच. गोवा समोर दिसतो म्हणून मोह होतो, पण तो बेत वेगळा करा.

भाड्याची गाडी कुडाळातच, यजमानांच्या ओळखीने ठरवावी. लग्नसराईत आयत्या वेळी मिळत नाही. निघताना कोकम, ओले काजूगर, आंब्याची पेटी असं काहीबाही हातात पडेल, ते घ्या. फणस दिला तर बरका की कापा एवढं विचारा. बरका असेल तर तिथेच खळ्यात फोडून संपवा, रात्रीच्या डब्यात त्याच्या वासाने शेजारचे प्रवासी भांडायला उठतात.