आमची वाटचाल : एक खोकं, एक फाईल

आमची वकिलांची फर्म लहान आहे आणि ती लहानच राहावी असं आम्हाला वाटतं. काम तीन प्रकारचं: वस्तूत खोट निघाल्याचे वाद, फसव्या जाहिरातींच्या तक्रारी, आणि नाव, चित्र, आकार किंवा शोध उचलल्याचे खटले. सुरुवातीला या तिन्हींच्या फायली वेगळ्या आणि त्या सांभाळणारी माणसंही वेगळी होती. हळूहळू लक्षात आलं की वाद कोणताही असो, पक्षकार टेबलावर आणून ठेवतो ते वस्तूचं खोकंच.

एखादं खोकं हातात घेऊन फिरवून पाहा. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कमध्ये येतं, वरचं चित्र कॉपीराइटमध्ये, आतल्या बाटलीचा आकार डिझाइनमध्ये आणि झाकणात काही नवी युक्ती असेल तर ती पेटंटमध्ये. 'हट्टी डाग एका धुण्यात गायब' ही झाली जाहिरात. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत 'डोळ्यांत गेल्यास लगेच पाण्याने धुवा' असं लिहिलेलं असतं आणि उद्या कुणाला इजा झाली, तर पहिला वाद त्या ओळीवरून होतो: सूचना होती का, आणि ती वाचता येण्यासारखी होती का. म्हणून आम्ही विषयवार फायली बंद केल्या. आता एका वस्तूची एकच फाईल असते.

नव्या ज्युनिअरला आम्ही आधी दोन जुने ब्रिटिश निकाल वाचायला देतो. पहिला १८९२ सालचा, कार्बोलिक स्मोक बॉलचा, म्हणजे फ्लू टाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका गोळ्याचा. हा गोळा दिवसातून तीनदा असा दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला, तर १०० पौंड देऊ, अशी कंपनीची जाहिरात होती. बँकेत १,००० पौंड ठेवल्याचंही छापलं होतं. कार्लिल नावाच्या बाईंनी तो सांगितल्याप्रमाणे वापरला, तरी त्यांना फ्लू झाला. जाहिरातीत अशी बढाई मारायचीच असते, ती कोणी खरी धरत नाही, असा कंपनीचा बचाव होता. कोर्टाने तो मानला नाही. बँकेत पैसे ठेवलेत असं सांगणारा माणूस शब्दाचा पक्का आहे, असंच लोक समजणार. दुसरा निकाल १९३२ सालचा, जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगायीचा. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, म्हणजे पिणाऱ्या बाईंचा कंपनीशी करार असा काही नव्हताच. तरीही वस्तू शेवटी ज्याच्या हातात पडते, त्याच्याबद्दल काळजी घेणं हे उत्पादकाचं कर्तव्य ठरलं. गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही. त्याआधी वाद मिटला.

नावांच्या भांडणात लोक दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत बसतात. गिऱ्हाईक असं खरेदी करत नाही. त्याच्या डोक्यात अर्धवट आठवण असते: काहीतरी हिरवं, 'स'वरून नाव, कोपऱ्यात पान. अनेक देशांतली कोर्टं याच आठवणीवरून साम्य तपासतात. म्हणून नाव ठरवतानाच आम्ही ते मोठ्याने उच्चारून बघतो, मग ट्रेडमार्क नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांचे जे ४५ वर्ग पाडलेत (नीस वर्गीकरण), त्यांपैकी नेमक्या कोणत्या वर्गात आपली वस्तू बसते ते पाहतो. लोगोचंही तसंच. बाहेरच्या चित्रकाराला पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपल्याकडे आले, असं बऱ्याच देशांत होत नाही. हक्क सोपवल्याचा लेखी कागद लागतो. तो नसल्याने चांगले चालणारे ब्रँड अडकलेले आम्ही पाहिले आहेत.

आज आमचं निम्म्याहून जास्त काम छपाईआधीचं आहे आणि मला ते कोर्टातल्या कामापेक्षा मोलाचं वाटतं. एका उत्पादकाला पाठीवरच्या बॅगेवर 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' छापायचं होतं. लॅबचा रिपोर्ट होता, चांगलाही होता. पण तपासला होता नुसत्या कापडाचा तुकडा. शिवण नाही, चेन नाही. पाणी तर तिथूनच शिरतं. विक्रीची माणसं म्हणाली, सगळेच लिहितात, खाली चांदणी टाकून खुलासा देऊ. मोठ्या अक्षरांत दिलेलं वचन बारीक अक्षरांत काढून घेता येत नाही, यावर आम्ही अडून बसलो. शेवटी 'कापड पाणी रोखतं, शिवणीतून व चेनमधून पाणी येऊ शकतं' असं छापलं गेलं. बॅग विकत घेणारा त्यात पुस्तकं ठेवणार की लॅपटॉप, हे त्या ओळीवर ठरतं.

काही कामं आम्ही घेत नाही. 'ताजा', 'शुद्ध', 'मऊ' असे सगळ्यांचे शब्द एकट्याचे ठरवून लहान उत्पादकांना नोटिसा धाडायच्या, किंवा खरी तक्रार मांडणाऱ्या गिऱ्हाइकाला बदनामीच्या खटल्याची भीती घालायची, ही त्यातली दोन. कायद्याने गिऱ्हाइकाला दिलेलं बळ त्याच्याच विरोधात वापरायला आमची फर्म नाही.

सध्या आम्ही ऑनलाइन विक्रीच्या पानांवर बारकाईने काम करतोय. खोक्यावर नसलेला दावा तिथे विक्रेता परस्पर टाकतो आणि तक्रार येते उत्पादकाकडे. त्यामुळे पहिल्या भेटीला येताना खोकं, जाहिरात, लॅबचा पूर्ण रिपोर्ट, बॅचच्या नोंदी आणि चित्रकाराशी झालेला करार आणाच. सोबत त्या पानांच्या तारीख दिसेल अशा छापील प्रतीही आणा.