कोरल दत्तक घेताना पैसे कुठे जातात ते विचारा

यंदा भाचीच्या वाढदिवसाला आम्ही तिच्या नावाने कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, दत्तक घेतलं, म्हणजे एका संस्थेला देणगी दिली आणि तिला सर्टिफिकेट आलं. ते व्हॉट्सॲपवर टाकल्यापासून घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न, म्हणजे नेमकं काय, तिचं कोरल कुठलं, बघायला मिळणार का? म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

तिच्या नावाचं असं वेगळं कोरल समुद्रात नाही. दत्तक प्रतीकात्मक आहे, सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि त्यातून बोटीचं डिझेल, पाण्याचं तापमान मोजणारी यंत्रं, दरवर्षी खाली जाऊन मोजणी करणारे डायव्हर, किनाऱ्यावरच्या लोकांबरोबरचं काम, असा खर्च भागतो. काही संस्था खरोखर कोरलचा तुकडा समुद्रातल्या फ्रेमवर लावून त्याचा फोटो पाठवतात, तेही चांगलंच काम आहे, पण मला पहिला प्रकार जास्त पटतो, आणि त्याचं कारण कोरल मरतं कसं त्यात आहे.

कोरल म्हणजे झाड किंवा दगड नव्हे, ती बारीक बारीक प्राण्यांची वसाहत, त्यातल्या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक पॉलिपला मधोमध तोंड आणि भोवती बोटांसारख्या मऊ सोंडा दिसतात, आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न बनवतं, कोरलचं बरंचसं पोट त्यावरच भरतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्री जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरंफटक पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं! पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाही तर जातं. आता अशा वेळी आपण लावलेला एक तुकडा काय करणार, अख्खी रीफच, म्हणजे कोरलांनी मिळून बनलेला सगळा खडकच, तापत असते. लक्षद्वीपला १९९८ मध्ये हेच झालं, मग २०१० ला, २०१६ ला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर झालं. दोन तडाख्यांच्या मधे रीफला सावरायला वेळ हवा, कारण गोल दगडासारखी वाढणारी कोरलं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तेवढ्या वर्षांत तिथे सांडपाणी, गाळ, बोटींचे नांगर, बेसुमार मासेमारी यांचा वेगळा मार बसू नये, हे बघणारं कोणीतरी लागतं, आणि त्यालाच पैसे मिळत नाहीत.

आणि हे काही फक्त लांबच्या बेटांचं नाही हां. गोव्यात वास्कोसमोरच्या ग्रँडे आयलंडला कोरल आहे, पाणी गढूळ असतं म्हणून लक्षद्वीपसारखं झगमगीत दिसत नाही एवढंच, आणि दोना पावलाच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांना तिथेही टर्बिनेरिया जातीच्या कोरलवर ब्लीचिंग दिसलंय. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून कोरलला शेड्यूल एकमध्ये घातलंय, म्हणजे वाघाच्या पंगतीला, तरी लोक ‘आठवण’ म्हणून तुकडा उचलतात, फार वाईट वाटतं.

तर दत्तक घेणार असाल तर संस्थेला आधी विचारा की मागच्या वर्षी कुठल्या रीफवर काय केलं, मोजणीचे आकडे लोकांसमोर ठेवता का, स्थानिक मच्छीमार कामात आहेत का. नीट उत्तर आलं नाही तर दुसरी संस्था बघा. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी दिलेली मला बरी वाटते, डायव्हरचा पगार दर महिन्यालाच द्यावा लागतो ना. देणगीवर करात सूट (८०जी) हवी असेल तर संस्था भारतात नोंदलेली पाहिजे, तुम्ही जुन्या कर पद्धतीत पाहिजे, आणि दोन हजारांवर रोख देऊ नका, त्यावर सूट मिळत नाही.

ग्रँडेला डायव्हिंगला जाणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा बोट कुठे बांधता, नांगर कोरलवर टाकता की बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, बांधता. भाची पोहायला शिकतेय, तिला घेऊन जाऊ तेव्हा आम्हीही हेच विचारणार.