नरक्याची चार नावे आणि माझा प्रबंध

२०१५ च्या पावसाळ्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आली आणि नरक्या या झाडावरील संशोधनलेख शोधून द्यावेत, अशी विनंती तिने मला केली. सह्याद्रीतील जंगलांत वाढणाऱ्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्यापासून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे कर्करोगावर वापरली जातात आणि त्यापायीच या झाडाची चोरटी तोड होत आली आहे. तिने नोथापोडायटिस निम्मोनियाना या आजच्या शास्त्रीय नावाने शोध घेतला होता, आणि भारतीय संशोधकांनी या झाडाकडे फार उशिरा लक्ष दिले, असे वाक्य आपल्या मसुद्यात लिहूनही टाकले होते.

मी स्वतः पदवीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकले आणि त्यानंतर ग्रंथालयशास्त्राकडे वळले. आमच्या वेळच्या प्रयोगशाळेतील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर याच झाडाचे नाव मॅपिया फीटिडा असे लिहिलेले होते, ते मला आठवले. त्या नावाने शोध घेताच गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांचे १९७२ चे काम समोर आले. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून जे द्रव्य वेगळे केले होते, तेच आपल्या नरक्यात असल्याचे या दोन भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. विद्यार्थिनीने आपले वाक्य खोडले आणि ती निघून गेली. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. मला ते जुने नाव आठवले हा योगायोग होता, आणि ज्या ग्रंथालयात वाचकाला योगायोगावर अवलंबून राहावे लागते, तेथे ग्रंथपालाचे काम अपुरे राहिले आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

पुढील काही महिन्यांत या झाडाच्या नावांचा माग काढला. ग्रॅहॅम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या १८३९ च्या यादीत त्याची नोंद प्रेम्ना निम्मोनियाना अशी होती, पुढे ते मॅपिया फीटिडा झाले, त्यानंतर नोथापोडायटिस फीटिडा आणि अखेरीस नोथापोडायटिस निम्मोनियाना. यातील शेवटचा बदल नामकरणाच्या अग्रक्रमाच्या नियमाने झाला. जातीला आधी दिलेले विशेषण मान्य धरायचे असते, म्हणून दुर्गंधी सुचवणारे 'फीटिडा' मागे पडले आणि निम्मो या अभ्यासकाच्या नावावरून आलेले जुने विशेषण पुन्हा वापरात आले. झाड जागचे हलले नाही, पण त्याच्याविषयीचे लेखन वर्णानुक्रमात चार ठिकाणी विखुरले गेले.

नावे बदलल्याने विखुरलेल्या लेखनाचा हा विषय घेऊन मी २०१६ मध्ये पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली. कोर्सवर्कमध्ये फारसे अडले नाही. अडले ते विषयाच्या मान्यतेत. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मी आधी भेटले होते. यात प्रयोग कुठे आहे, असे त्यांनी विचारले. ग्रंथालयशास्त्रात नोंदणी करायची ठरवून मी समितीसमोर गेले, तेव्हा हे तर वनस्पतिशास्त्र आहे, असे एका सदस्यांचे म्हणणे पडले, आणि न्यायदर्शनावरील, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेवरील, प्रस्तावित प्रकरण पाहून दुसऱ्या सदस्यांनी ते थेट वगळायला सांगितले. माझा आराखडा परत आला. त्या दिवशी मी फार खचले होते. तो आराखडा आज वाचताना मात्र समितीचा आक्षेप निराधार नव्हता, हे मला मान्य करावे लागते. मी त्यात तीन विषयांची तीन प्रकरणे एकापुढे एक ठेवली होती आणि त्यांना बांधणारा प्रश्न कुठेच लिहिला नव्हता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला एकच गोष्ट करायला सांगितली: पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा आणि त्या प्रश्नाला ज्या प्रकरणाची गरज नाही ते काढून टाका. मी लिहिले, "वनस्पतीचे नाव बदलल्यावर तिच्यावरील आधीचे लेखन वाचकापर्यंत कसे पोहोचावे?" त्यानंतर ग्रंथालयांच्या इतिहासावरील एक पूर्ण प्रकरण गळाले, न्यायदर्शनाचे प्रकरण टिकले, आणि ते का टिकले हे मला समितीला सांगता आले. २०१७ मध्ये विषयाला मान्यता मिळाली. ज्यांचा विषय दोन-तीन शास्त्रांच्या सीमेवरचा आहे, त्यांनी आराखड्यात शास्त्रांची नावे शेवटी आणि प्रश्न आधी लिहावा, असे मला या अनुभवावरून आग्रहाने सांगावेसे वाटते.

अभ्यासासाठी मी महाराष्ट्रातील साठ वनस्पती निवडल्या. त्यांतील बाभळीने मला सर्वांत अधिक शिकवले. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत बाभूळ अकेशिया अरेबिका या नावाखाली भेटते, माझ्या पाठ्यपुस्तकात ती अकेशिया निलोटिका होती, आणि आज ती वाचेलिया निलोटिका आहे. खैरही अकेशियातून बाहेर पडून सेनेगॅलिया कॅटेचू झाला आहे. आधीच्या विशाल अकेशिया प्रजातीचे, म्हणजे अनेक जातींच्या गटाचे, तुकडे करणे शास्त्रज्ञांना आवश्यक वाटले, तेव्हा मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे राहणार, हा प्रश्न आला. नियमानुसार नाव हे एका प्रमाण नमुन्याला बांधलेले असते आणि अकेशियाचा प्रमाण नमुना बाभळीचाच होता, म्हणजे नाव बाभळीकडे राहायला हवे होते. परंतु या गटातील सुमारे हजार जाती ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्या सर्वांची नावे बदलावी लागली असती, म्हणून २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रमाण नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियातील जातीचा करण्यात आला. मतदानात निम्म्याहून अधिक मते या बदलाच्या विरोधात होती, पण तो फेटाळायला ६० टक्के मते लागत होती आणि तितकी मिळाली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेने तो निर्णय कायम ठेवला. ज्या झाडावरून नाव ठरले होते त्याच झाडाला ते नाव उरले नाही, आणि बाभळीच्या डिंकापासून तिच्या सालीपर्यंतचे सगळे जुने भारतीय लेखन आजच्या नावाने शोधणाऱ्याला दिसेनासे झाले.

येथे मला तत्त्वज्ञानाची गरज पडली. नाव नेमके कशाला दिलेले असते, हे कळल्याशिवाय नोंद कशाची करायची हे ठरत नव्हते. एका निवृत्त प्राध्यापकांकडे मी जवळजवळ दोन वर्षे दर रविवारी सकाळी जात असे. सरांच्या टेबलावर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश हा न्यायशास्त्रातील संज्ञांचा कोश उघडा असे आणि एका शब्दावर कधीकधी पूर्ण सकाळ जाई. गौतमाच्या न्यायसूत्रांत पदाचा अर्थ काय, या चर्चेच्या शेवटी "व्यक्त्याकृतिजातयस्तु पदार्थः" असे सूत्र येते: शब्दाचा अर्थ म्हणजे व्यक्ती, आकृती आणि जाती (त्या प्रकारच्या सर्व व्यक्तींत समान असणारा धर्म) हे तिन्ही. सर गाईचे परंपरागत उदाहरण समजावत होते आणि माझ्यासमोर बाभूळ उभी राहत होती. हर्बेरियममधील, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, प्रमाण नमुना ही व्यक्ती. कुक यांनी पाने, काटे आणि शेंगा यांचे जे वर्णन केले ती आकृती. आणि आज जनुकांच्या तुलनेतून ज्या वंशसमूहाला प्रजाती म्हटले जाते, ती जातीच्या जवळ येते. नैयायिकांची जाती नित्य असते आणि जीवशास्त्रातील जाती काळात उत्पन्न होते व नष्ट होते, त्यामुळे ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही, हे सरांनी मला वारंवार बजावले. जीवशास्त्रज्ञ मायकेल गिसेलिन आणि तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी तर १९७० च्या दशकात जीवजाती ही मुळात एक व्यक्तीच आहे, असे मांडले. तरीही व्यक्ती, आकृती आणि जाती या तीन शब्दांनी माझे काम सोपे केले, कारण नाव बदलताना या तिघांपैकी नेमके काय बदलले, हे प्रत्येक वेळी विचारता येऊ लागले.

त्याच वर्षांत न्यायपरंपरेतील उदयनाचार्यांनी सांगितलेल्या जातिबाधकांपैकी, म्हणजे एखादा धर्म जाती ठरण्याच्या आड येणाऱ्या कारणांपैकी, 'संकर' मी शिकले. भूतत्व (महाभूत असणे) आणि मूर्तत्व (मर्यादित आकारमान असणे) हे धर्म पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांत एकत्र राहतात. पण आकाश भूत असूनही मूर्त नाही आणि मन मूर्त असूनही भूत नाही. असे एकमेकांना छेदणारे धर्म दोन्ही जाती ठरू शकत नाहीत. ग्रंथपालाला हा संकर रोज भेटतो. नरक्यावरील लेख वनस्पतींच्या कपाटात ठेवावा, रसायनांच्या की वैद्यकाच्या? भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरण या आपल्या ग्रंथवर्गीकरणाच्या पद्धतीत पुढील काळात व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच मूलभूत प्रकारांनी विषयाचे पैलू वेगळे केले आणि ते जोडून वर्गांक बांधण्याची सोय केली, ती अशाच अडचणीवरचा उपाय आहे, असे मी प्रबंधात मांडले. रंगनाथनांनी न्यायग्रंथांतून ते घेतले, असा दावा मी केलेला नाही. दोघांसमोर एकाच प्रकारची अडचण होती, इतकेच माझे म्हणणे आहे.

मला उत्तर सापडले ते मात्र पुण्यात, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील हर्बेरियममध्ये. तेथे मी नावांची पडताळणी करायला गेले होते. जाड कागदावर शिवलेली एक वाळलेली फांदी, कोपऱ्यात संग्राहकाची मूळ चिठ्ठी, तिच्यावर त्या वेळचे नाव. शेजारी नंतरच्या तज्ज्ञाने चिकटवलेली दुसरी चिठ्ठी, तिच्यावर सुधारित नाव, सही आणि तारीख. पहिली चिठ्ठी कोणी काढत नाही आणि तिच्यावरचे नाव खोडत नाही. कोण काय समजत होते आणि केव्हा, हे सगळे त्या एका कागदावर वाचता येते. मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले, कारण आम्ही ग्रंथालयात याच्या नेमके उलट केले होते. मी ज्या एका ग्रंथालयात पूर्वी काम केले, तेथे संगणकीकरणाच्या वेळी जुनी विषयशीर्षके एकगठ्ठा बदलली गेली आणि तालिकापत्रांची, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी असलेल्या कार्डांची, लाकडी कपाटे पत्रांसह रद्दीत गेली. त्या पत्रांवर 'पाहा' आणि 'हेही पाहा' अशा नोंदी होत्या, जुन्या नावावरून नव्याकडे नेणाऱ्या. त्या परत मिळणार नाहीत, याचे दुःख मला अजून आहे.

यावरून माझ्या प्रबंधाचा मुख्य भाग घडला. प्रत्येक वनस्पतीसाठी मी एक नामप्रमाण नोंद तयार केली, जिच्यात मान्य नाव, आधीची सर्व नावे, मराठी नावे, प्रत्येक बदलाचे वर्ष व कारण, आणि बदल व्यक्तीच्या, आकृतीच्या की जातीच्या पातळीवर झाला, याची खूण असे. वाचकाने नरक्या लिहिले काय किंवा मॅपिया लिहिले काय, त्याला सगळे लेखन एकत्र मिळावे, अशी तिची रचना होती. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हर्बेरियमचे बरेच काम उरले होते आणि जवळजवळ एक वर्ष हातातून गेले. पुण्याला जाणे शक्य नसल्यामुळे त्या काळात मी जुन्या वनस्पतिसूचींच्या संगणकीय प्रतींवर भागवले.

प्रबंध सादर करताना एक अनपेक्षित अडथळा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते, आणि माझ्या प्रबंधातील साम्य पहिल्या तपासणीत १४ टक्के निघाले. मी घाबरून अहवाल उघडला, तर रंगवलेला बहुतेक मजकूर म्हणजे शास्त्रीय नावे आणि नामकर्त्यांची संक्षिप्त नावे होती, जी कोणालाही वेगळ्या शब्दांत लिहिता येत नाहीत. संदर्भासह दिलेली अवतरणे आणि प्रमाण संज्ञा या तपासणीतून वगळता येतात, असे नियमांतच म्हटलेले आहे. ते कलम दाखवून मी फेरतपासणी मागितली आणि नामसूची परिशिष्टात हलवली. अहवालातील आकडा पाहून हाय खाण्याआधी अहवालाचे प्रत्येक पान वाचावे.

२०२३ मध्ये खुली मौखिक परीक्षा झाली. बहिःस्थ परीक्षकांनी विचारले, उद्या पुन्हा नावे बदलली तर तुमच्या साठ नोंदींचा काय उपयोग? मी हर्बेरियमच्या कागदाचे वर्णन केले आणि या नोंदींत नवी चिठ्ठी चिकटवायला जागा ठेवली आहे, असे सांगितले. ते उत्तर स्वीकारले गेले.

त्या उत्तराची खरी परीक्षा पुढच्याच वर्षी आली. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकी लोकांसाठी शिवी म्हणून वापरल्या गेलेल्या शब्दापासून बनलेली दोनशेहून अधिक नावे बदलायचे ठरवले, आणि आपल्या पांगाऱ्याची दक्षिण आफ्रिकेतील एक नातलगही त्यात आली. त्या निर्णयाला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु जुने नाव खोडायचे नाही, हा नियम मी प्रबंधभर मांडला होता, आणि जुन्या नावाखालचे शंभर-दीडशे वर्षांचे लेखन तर शोधता यायलाच हवे. मी मार्गदर्शक मॅडमशी बोलले, सरांनाही फोन केला. सध्या मी नोंदीची रचना बदलते आहे: जुने नाव शोधासाठी आत राहील आणि वाचकाला योग्य नोंदीपर्यंत नेईल, पण पडद्यावर शीर्षक म्हणून ते कुठेही उमटणार नाही.