मानसिक आरोग्यावरची प्रश्नावली तयार करताना

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्याविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन हा विषय निवडला. बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. इकडे महाविद्यालयांत मात्र १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पोस्टर स्पर्धा भरते आणि ‘मानसिक आरोग्य महत्त्वाचे आहे’ हे वाक्य प्रत्येकाला पाठ असते. त्यामुळे ज्या विधानाला सगळेच होकार देतील, ते प्रश्नावलीत घ्यायचे नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले.

ज्ञानाच्या भागासाठी लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॅक्स’ (मेंटल हेल्थ नॉलेज शेड्यूल) ही बारा विधानांची प्रश्नावली मूळ संशोधकांच्या परवानगीने आधाराला घेतली. एकाने मराठी भाषांतर करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, हे ठरलेले काम यथावकाश पार पडले. खरी परीक्षा पुढे होती. काही विद्यार्थ्यांसमोर बसून मी त्यांना प्रत्येक विधान वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेबाहेर, कला शाखेच्या शेवटच्या वर्षाबरोबरच स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी ‘मानसिक समस्या असलेल्या बहुतेक व्यक्तींना पगाराची नोकरी हवी असते’ या विधानाशी आला, त्याने ‘पूर्ण सहमत’वर खूण केली आणि म्हणाला, “नोकरी कोणाला नकोय, ताई? त्यासाठीच तर इथे पडलोय.” उत्तर बरोबर होते, पण ते आजाराविषयीच्या माहितीतून आलेले नव्हते. इतर अभ्यासांशी तुलना करता यावी म्हणून मूळ विधान तसेच ठेवून मी ‘उपचार चालू असताना नियमित नोकरी करणे शक्य असते’ हे स्वतंत्र विधान जोडले. ‘मॅक्स’च्या उत्तरार्धात नैराश्य, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार, व्यसन यांच्यासोबत ताण आणि वियोगाचे दुःखही दिलेले असते आणि ही दोन आजार मानलेली नाहीत. बहुतेकांनी ताणाला बेधडक आजार ठरवले. याला निव्वळ अज्ञान म्हणणे मला पटत नाही. पोस्टरवरचा प्रचार मनावर किती ठसला आहे, तेही त्यातून दिसते.

सर्वाधिक वेळ दृष्टिकोनाच्या भागाने घेतला. ‘अशा व्यक्तीशी मैत्री कराल का?’ या प्रश्नाला शिकलेला विद्यार्थी सौजन्याने ‘हो’च म्हणतो, म्हणून प्रश्न त्याच्या खोलीपर्यंत नेणे भाग होते. पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी मी असा प्रसंग लिहिला: ‘तुमच्या खोलीतल्या रिकाम्या कॉटवर एक विद्यार्थी राहायला येणार आहे. तो स्किझोफ्रेनियासाठी रोज गोळ्या घेतो आणि कॉलेजला नियमित जातो.’ पुढे पर्याय दिले: हरकत नाही, आधी त्याच्याशी बोलेन, मालकाला दुसरा कोणी बघायला सांगेन, मीच खोली सोडेन. निम्म्या प्रतींमध्ये हाच प्रसंग मधुमेहासाठी गोळ्या घेणाऱ्या विद्यार्थ्याचा होता आणि कोणती प्रत कोणाला जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. त्यामुळे अनोळखी माणसासोबत राहण्याचा नेहमीचा संकोच दोन्हीकडे सारखाच येतो आणि उरलेला फरक आजाराच्या नावाचा ठरतो. सामान्य विधानांवर झरझर चालणारे पेन या प्रसंगावर थबकत होते, आणि मला तेच हवे होते.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक लावावा लागला. ज्ञानाची विधाने वाचता वाचताच विद्यार्थी शिकतो, म्हणून दृष्टिकोनाचा भाग आधी घेतला. ‘मदत लागली तर कुठे फोन कराल?’ हा खुला प्रश्न मधल्या पानावर ठेवला आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शेवटच्या, फाडून नेता येईल अशा पट्टीवर छापला. नैराश्याची लक्षणे विचारणारी ‘पीएचक्यू-९’ही जोडावी, अशी सूचना आली होती. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. निनावी कागदावर त्याला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर आले, तर त्या मुलापर्यंत पोहोचण्याचा मार्गच माझ्याकडे नव्हता. ती प्रश्नावली मी वगळली.

नैतिकता समितीसमोर मुख्य मुद्दा वयाचा होता. प्रथम वर्षाचे अनेक विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या होकाराबरोबरच पालकांची संमती लागते. पालकांना विचारावे लागणार म्हटल्यावर नेमके संकोची विद्यार्थीच गळाले असते, म्हणून अठरा पूर्ण झालेल्यांपुरताच अभ्यास ठेवला. गावाचा रकाना मी काढून टाकला, कारण लहान विभागात वर्ष, लिंग आणि तालुका एवढ्यावर माणूस ओळखता येतो. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवण्याऐवजी शिक्षक बाहेर असताना वर्गात कागद वाटून ते बंद पेटीत घ्यायचे ठरले. लिंक उघडतात ते मुळात या विषयात रस असलेलेच.

मार्गदर्शक मॅडमचा शेवटचा प्रश्न क्रॉनबाख अल्फाविषयी, म्हणजे प्रश्नावलीतली विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे दाखवणाऱ्या आकड्याविषयी होता. ‘मॅक्स’मधली विधाने एकाच गुणाचे मोजमाप करण्यासाठी बेतलेली नाहीत, त्यामुळे अल्फा कमी आला तरी तेवढ्यावरून प्रश्नावली टाकाऊ ठरत नाही, असे मी पद्धतीच्या प्रकरणात लिहिले. त्यांच्या आग्रहाखातर तो आकडा तक्त्यात दिला. निष्कर्ष मात्र एकेका विधानानुसारच मांडायचे ठरले.