बनदूरा की बन्दोरा

"तुझं अरबी कच्चं आहे, म्हणून कार्डं तूच गोळा कर. परक्या पोरीसमोर लोक मोकळं बोलतात," असं म्हणून गटातल्या मैत्रिणीनं कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

२०१९ मध्ये मी अरबी शिकायला बैरूतला होते. १३ एप्रिल जवळ आला होता. १९७५ साली त्याच तारखेला ऐन अल-रुम्मानेह भागात पॅलेस्टिनी प्रवाशांच्या बसवर गोळीबार झाला आणि लेबनॉनची यादवी पेटली. ती १९९० पर्यंत धुमसत राहिली. सुमारे दीड लाख माणसं गेली, १७,००० बेपत्ता झाली असं सांगतात. त्या दिवशी तिथं एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'तिन्झकर व मा तिनआद', म्हणजे आठवण राहो, पण पुन्हा न घडो. आमचा बेत साधा होता. तरुण मुलांकडून आशेचे संदेश लिहून घ्यायचे आणि राष्ट्रीय संग्रहालयाजवळ दमास्कस रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगायचे. शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करणारी रेषा याच रस्त्यावरून जायची.

पहिली साठेक कार्डं दोन दिवसांत आली. कबुतरं, देवदार, लाल बदाम आणि 'सलाम'. शुभेच्छापत्रांचं दुकानच! एका कार्डामागे तर किराण्याची यादी होती. ज्याचं होतं त्या मुलाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मी काय लिहू? आमचा शाळेतला इतिहास स्वातंत्र्यापाशी संपतो." खरंच होतं ते. युद्धाचा सर्वांना मान्य होईल असा इतिहास तिथं लिहिलाच गेला नव्हता. आणि घरी त्या पंधरा वर्षांना म्हणायचे 'अल-अहदास'. म्हणजे 'घटना'.

मला हे नवीन नव्हतं. मुंबईत आमच्या घरी ९२-९३ला 'तेव्हा' म्हणतात. आई 'तेव्हा' म्हणाली की बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मग आम्ही रीत बदलली. कार्ड हवं असेल तर आधी घरी एक प्रश्न विचारून यायचं. कुणी कुणाला मारलं, हे विचारायचं नाही. तसं विचारलं की दार बंद. विचारायचं एवढंच, की तेव्हा तुम्ही खायचात काय, झोपायचात कुठे? निम्मी मुलं परत फिरकलीच नाहीत. जी आली, त्यांची कार्डं मात्र वाचत राहावी अशी. आजीनं पाणी आलं की न्हाणीतला टब भरून ठेवला, कारण पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. सगळा मजला जिन्यात झोपायचा, कारण तिथं खिडकी नव्हती. आणि टोमॅटो. तपासणी नाक्यावर बंदूकधारी टोमॅटो दाखवून विचारायचे, हे काय? लेबनीज माणूस 'बनदूरा' म्हणायचा, पॅलेस्टिनी 'बन्दोरा'. एका स्वरावर जीव जायचा, असं तिच्या काकांनी सांगितल्याचं एकीनं लिहिलं होतं. खाली आशेचा संदेश: 'मला दोन्ही आवडतात.'

एका कार्डावर फक्त दोन ओळी होत्या. 'बाबा जेवणावरून उठून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन.' कबुतरांच्या सगळ्या गठ्ठ्यापेक्षा मला त्यात जास्त आशा दिसली. गटात मात्र यावरून वाद झाला. हा संदेशच नाही, असं दोघांचं म्हणणं होतं. मी हटून बसले. परक्या पोरीला तेवढं चालतं.

तेराला वारं फार होतं. कपड्यांचे चिमटे कमी पडले, कार्डं फडफडत रस्त्यावर जायची आणि आम्ही गाड्यांमधून ती वेचत फिरायचो. येणारेजाणारे बरेचसे न बघताच पुढे जात होते.

दुपारी एक आजोबा टोमॅटोच्या कार्डापाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते दोनदा वाचलं. "बनदूरा," ते पुटपुटले. जरा थांबून म्हणाले, "बन्दोरा."

दोन्ही उच्चार अगदी अचूक होते. मी काही विचारलं नाही. त्यांनी सैल झालेला चिमटा नीट लावला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.